दोन क्रमांकांचा एक माणूस: मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबाचा कोकणातला शोध

हे प्रकरण मॉरिशसमधल्या एका मराठी कुटुंबाचे आहे. कुटुंबाचे आडनाव, मूळ पुरुषाचे नाव, नोंदवहीतले क्रमांक आणि कोकणातले गाव गाळले आहे. तालुका, कागदांचे प्रकार आणि चुका कोणत्या क्रमाने झाल्या, हे तसेच ठेवले आहे.

पार्श्वभूमी

शोध सुरू केला दोघांनी. एक, प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दुसरा त्यांचा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा. घरातले बोलणे क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून घडलेली बोली. मराठी उरली ती शाळेत, आरत्यांत आणि झाकरीत. ही झाकरी म्हणजे रत्नागिरी-रायगडकडचे जाखडी नृत्यच, नाव थोडे झिजलेले. घरात पिढ्यानपिढ्या दोनच वाक्ये चालत आली होती: "आजोबा बॉम्बेहून आले" आणि "त्यांना फसवून आणलं". हे आजोबा म्हणजे बाईंच्या पणजोबांचे वडील, खापरपणजोबा.

त्या काळचे मॉरिशस हे उसाचे बेट होते. १८२५ मध्ये ब्रिटनने तिथल्या साखरेवरचे आयात शुल्क वेस्ट इंडीजच्या साखरेइतके खाली आणले आणि लागवड झपाट्याने वाढली. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी कायद्याने संपली. सुटलेल्या गुलामांना काही वर्षे 'उमेदवार' म्हणून राबवले गेले, पण १८३९ मध्ये तेही संपले आणि बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. मळेवाल्यांनी मजूर आणण्याची तयारी त्याआधीच केली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला पोचले होते. तक्रारी वाढल्यावर भारतातून होणारी ही वाहतूक थांबवली गेली. १८४२ च्या कायद्याने सरकारी देखरेखीखाली ती पुन्हा सुरू झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे भारतातून गेली. त्यात कलकत्ता आणि मद्रासचा वाटा मोठा होता. मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक त्या मानाने थोडे, आणि ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या दशकांतले.

अडचण

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या असताना भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशस्थ भारतीय वंशजांसाठीचे) कार्ड मिळण्याची तरतूद जाहीर झाली. भाच्याला ते कार्ड हवे होते. आत्याला गाव हवे होते. दोघांनी एकच फाईल उघडली, आणि पहिली गल्लत तिथेच झाली. कार्डासाठी नात्याची साखळी कागदावर सिद्ध करावी लागते: आपण, आपले वडील, त्यांचे वडील, असे करत भारतातून आलेल्या माणसापर्यंत. त्यात गावाचे नाव सापडणे ही अट नाही. गाव शोधायचे तर साखळीच्या शेवटच्या कडीपासून पुढे दुसरेच काम सुरू होते, ते भूगोलाचे आणि अक्षरओळखीचे. दोन्ही कामे एकत्र केल्यामुळे गाव सापडेना म्हणून कार्डाचा अर्ज अडला आणि अर्जाची घाई म्हणून गावाचा शोध अर्धवट राहिला.

साखळीही सरळ नव्हती. मॉरिशसमध्ये बापाचे पाळण्यातले नाव पुढच्या पिढीचे आडनाव होऊन बसले. त्यामुळे कोकणातले आडनाव पहिल्याच पिढीत बहुधा गळून पडते. त्यात धार्मिक पद्धतीने झालेली बरीच लग्ने सरकारदरबारी नोंदलेली नसत. या कुटुंबात १८६८ मध्ये जन्मलेल्या मुलाची नोंद आईच्या नावाने होती आणि बापाने मूल आपले असल्याचे नंतर लिहून दिले होते. ती नोंद समासात, वेगळ्या शाईत होती. पहिल्यांदा काढलेल्या टंकलिखित उताऱ्यात समास आलाच नाही. मूळ पानाची नक्कल मागवल्यावर बापाचे नाव दिसले आणि त्यापुढे त्याचा आप्रवासी क्रमांकही.

हा क्रमांक म्हणजे सगळ्या शोधाची किल्ली. पोर्ट लुईच्या डेपोत, आज ज्याला आप्रवासी घाट म्हणतात तिथे, उतरणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. करार, पास, तक्रार, लग्न, मृत्यू या सगळ्यांत तो लिहिला जाई. नावे बदलत, लिहिण्याची पद्धत बदले, क्रमांक बदलत नसे. त्या नोंदवह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. एका ओळीत नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, आल्याची तारीख, कोणत्या मळ्यावर पाठवले ते आणि शेवटी शेरा असतो.

कोणते पर्याय होते

डीएनए चाचणीचा विचार झाला आणि लगेच मागे पडला. असली चाचणी फार तर प्रदेशाचा अंदाज देते. गाव हवे असेल तर त्या गावातल्या कोणीतरी आधी चाचणी केलेली असावी लागते.

दुसरा पर्याय मुंबईच्या पुराभिलेखागारात बसण्याचा. तिथे मुंबई सरकारचा जुना पत्रव्यवहार आहे, पण तो खाते आणि वर्षाप्रमाणे लावलेला, माणसाच्या नावाने नाही. जहाजाचे नाव आणि महिना हाती असेल तर तिथे बसण्यात अर्थ आहे. नुसते 'आजोबा' घेऊन गेले तर महिने जातात.

तिसरा, सरळ कोकणात जाऊन विचारायचे. चौथा, मॉरिशसचे कागद आधी पूर्ण वाचून काढायचे, फक्त आपल्या माणसाचे नव्हे तर त्याच पानावरच्या इतरांचेही. चौथा पर्याय सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत स्वस्त. त्यांनी तो अर्धा केला आणि तिसऱ्याकडे वळले.

काय केले, आणि कुठे चुकले

समासातला क्रमांक घेऊन नोंदवही उघडली. १८५९ ची ओळ मिळाली: वय २८, उंची पाच फूट तीन इंच, डाव्या भुवईवर व्रण, बंदर मुंबई. जिल्हा आणि परगणा या रकान्यांत इंग्रजी लिपीत जे होते ते भाच्याने अक्षरशः वाचले: 'रुटनाघेरी' आणि 'उंजनवेल'. पहिले रत्नागिरी, हे कळले. दुसरे नकाशात सापडेना. त्या काळचे इंग्रज कारकून मराठीतला 'अ' बऱ्याचदा 'यू' या अक्षराने लिहीत. रत्नागिरीचे रुटनाघेरी झाले ते त्यामुळेच. हाच नियम दुसऱ्या शब्दाला लावला की अंजनवेल मिळते. हे एका पुणेकर अभ्यासकाने दाखवून दिले, आणि घरात आनंदीआनंद झाला. अंजनवेल नावाचे गाव आहेच, दाभोळच्या खाडीच्या मुखाशी, गोपाळगडाखाली, आजच्या गुहागर तालुक्यात. दोघे जुलैत तिथे पोचले.

हाती काहीच लागले नाही, आणि त्याची कारणे तीन.

पहिले कारण, अंजनवेल हे उत्तर चुकीच्या रकान्यातले होते. १८५९ मध्ये अंजनवेल हे गावाचे नाव होते तसेच अख्ख्या तालुक्याचेही. त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग अशी किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जाणारे तालुके होते. १८६० च्या दशकातल्या फेररचनेत सुवर्णदुर्गाचे दापोली झाले, अंजनवेलचे चिपळूण आणि विजयदुर्गाचे देवगड. म्हणजे 'परगणा अंजनवेल' याचा अर्थ आजच्या चिपळूण-गुहागर पट्ट्यातले कुठलेही गाव. गाव पुढच्या रकान्यात होते, पण ते अक्षर पुसट होते म्हणून त्याकडे कोणी पुन्हा पाहिलेच नव्हते. अशा शोधात १९८१ चीही आठवण ठेवावी लागते. सिंधुदुर्ग त्या वर्षी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि कुलाब्याचा रायगड झाला; त्यामुळे जुन्या कागदावरचा 'रत्नागिरी' आजच्या मालवणातलाही असू शकतो.

दुसरे कारण जुलै. लावणीच्या दिवसांत कोकणात कोणाला उसंत नसते. जे घरी असतात ते चिखलात, आणि ज्यांना भावकीची माहिती असते ते बरेचसे चाकरमानी मुंबईत. माणसे भेटायची तर गणपतीत किंवा शिमग्याला यावे.

तिसरे कारण सर्वांत महागात पडले. दोघे आधी तलाठ्याकडे गेले आणि सातबारा मागितला. त्यांना वाटले, जमिनीच्या कागदावर जुनी नावे असतील. पण कोकणात एकेका सातबाऱ्यावर डझनांनी सामायिक खातेदार असतात, आणि परदेशातून आलेला कोणी "आमचे पूर्वज इथले" म्हणत सातबारा मागतो याचा अर्थ गावात एकच निघतो. दुपारपर्यंत बातमी फिरली. एका ओट्यावर चहा मिळाला, पण गोष्ट नाही. "जमिनीचं काही नाही ना?" हा प्रश्न तीनदा आला, आणि तिन्ही वेळा उत्तर ऐकून समोरचा नुसता हसला. शिवाय १८५० च्या दशकात कुळ म्हणून राबून निघून गेलेल्या माणसाचे नाव आजच्या सातबाऱ्यावर येण्याचे कारणच नव्हते. खोती गावात जमिनीवर नाव असे ते खोताचे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचे.

बंद केलेले पान

परत आल्यावर बाईंनी नोंदवहीतले काम नव्याने हाती घेतले. पहिल्या शोधात त्याच नावाचा आणि त्याच बापाच्या नावाचा आणखी एक माणूस दिसला होता, १८५३ ला आलेला. त्याच्या शेऱ्यात 'वसाहत सोडली' असे होते. "तो परत गेला, म्हणजे आपला नव्हे," असे म्हणून ते पान बाजूला ठेवले होते. आता त्यांनी दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या. उंची दोन्हीकडे पाच फूट तीन इंच. पहिल्या ओळीत वय २२, दुसऱ्या ओळीत सहा वर्षांनी २८. खुणेच्या रकान्यात दोन्हीकडे डाव्या भुवईवरचा व्रण.

माणूस एकच होता. १८५३ ला आला, पाच वर्षे काढून परत गेला, आणि १८५९ ला पुन्हा आला. दुसऱ्यांदा येणाऱ्याला नवा क्रमांक मिळतो, त्यामुळे एका माणसाचे दोन होतात. वय एकटे असते तर त्यावर भिस्त ठेवता आली नसती. ते अंदाजाने सांगितले जाई आणि अंदाजाने लिहिले जाई. उंची आणि खूण मात्र मोजून-बघून लिहिलेली असते. दोन्ही जुळल्या की बापाचे नाव तिसरा पुरावा ठरते.

१८५३ च्या ओळीत गावाच्या जागी फक्त 'बॉम्बे' होते. घरातले "बॉम्बेहून आले" बहुधा तिथून आलेले. १८५९ ची ओळ पूर्ण होती, आणि तिच्या खालचे लागोपाठचे तीन क्रमांक त्याच परगण्यातल्या तिघांचे होते. तिघांच्याही गावाचे नाव लिहिलेले, प्रत्येकाचे वेगळ्या अक्षरांत. आपल्या माणसाच्या ओळीत शेवट पुसट, दुसऱ्याच्या ओळीत सुरुवातच चुकलेली, तिसऱ्याची मधली अक्षरे स्पष्ट. चारही नावे एकाखाली एक लिहून मोठ्याने वाचल्यावर '-वली'त संपणारे एक नाव कानाला लागले. चारही जणांना एकाच मळ्यावर पाठवले होते.

कागद डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी वाचावा, हे इथे कामी आले. कारकुनाने ऐकले तेच लिहिले होते; चिपळूणकडच्या उच्चाराची ज्याला सवय आहे त्याला ते ऐकू येते.

तो का गेला?

दोन क्रमांक सापडल्यावर या प्रश्नाचे एक उत्तर पुरेना.

गाव सोडून मुंबईला जाण्याची कारणे ओळखीची आहेत. चिपळूण-गुहागरकडची जमीन डोंगरउताराची, वरकस. पाऊस भरपूर पण पीक एकच. खोती गावात कुळाला पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताला द्यावा लागे, आणि त्यावर वेठ. शेतकरी भात पिकवी आणि नाचणी-वरी खाई. पेशवाई बुडाल्यावर जुनी शिपाईगिरी संपली. इंग्रजी पलटणीत या जिल्ह्याची भरती मोठी होती, पण सगळ्यांना जागा नव्हती. मग पावसाळा सरला की गलबताने मुंबई. हा ओघ पुढे एवढा वाढला की १८८१ च्या खानेसुमारीत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक लाखावर होते.

मुंबईहून मॉरिशसला जाण्याचे कारण वेगळे. तिथे गाठ पडते ती भरतीवाल्याची. पुरुषाला महिना पाच रुपये, वर दिवसाला दोन रत्तल तांदूळ, अर्धा रत्तल डाळ, मीठ आणि कपडा, असा बोलीचा साधारण नमुना. ज्याच्या घरी भात खोताच्या कोठारात जाई त्याला दोन रत्तल तांदूळ कसे ऐकू आले असतील, याची कल्पना करता येते. न सांगितलेले मात्र बरेच असे. एक दिवस कामाला गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापायचा, ही 'डबल कट'ची पद्धत त्यांतलीच. जहाजाला किती दिवस लागतात आणि बेट कुठे आहे, हेही अनेकांना धड ठाऊक नसे. तेव्हा १८५३ पुरते "फसवून आणलं" हे घरातले वाक्य खरे असू शकते.

१८५९ ला ते लागू पडत नाही. पाच वर्षे ऊस तोडलेला माणूस डबल कट जाणून होता. तरी तो परत आला, आणि आपल्या गावच्या तिघांना सोबत घेऊन आला. १८५८ आणि १८५९ ही मॉरिशसला खूप मोठ्या संख्येने भारतीय उतरल्याची वर्षे. मळेवाले त्या काळात जुन्या, विश्वासातल्या मजुरांना गावी पाठवून त्यांच्याकरवी माणसे आणवत. त्यात सरदारकीची, म्हणजे मुकादमीची, आशा असे. याला तशी कामगिरी दिली होती की तो आपणहून गेला, हे कागद सांगत नाही. लागोपाठचे क्रमांक आणि एकच मळा एवढेच सांगतात की ते चौघे एकत्र होते.

बाईंना हे पचायला वेळ लागला. फसवला गेलेला आजोबा सांगायला सोपा. इतरांना घेऊन येणारा आजोबा सांगताना वाक्य अडते. त्यांनी घरात सांगताना दोन्ही क्रमांक सांगायचे ठरवले.

ओघात आणखी एक गोष्ट निघाली. १८६८ च्या जन्मनोंदीत आईचाही क्रमांक होता, आणि ती मद्रासहून आलेली निघाली. बोटीवर बायका थोड्या असत, मराठी बायका त्याहून थोड्या. अशी लग्ने नवलाची नाहीत; "आम्ही शुद्ध मराठी" असे म्हणणाऱ्या अनेक घरांच्या कागदांत असेच काही निघेल.

दुसरी फेरी

या वेळी दोघे शिमग्याला आले. तलाठी नाही, सातबारा नाही. आधी ग्रामदेवतेच्या देवळात, मग पालखीच्या मानकऱ्यांकडे. सोबत नोंदवहीच्या पानाची छापील नक्कल आणि चारही नावे मराठीत लिहिलेला कागद. बोलणे सुरू करताना भाच्याने पहिल्याच वाक्यात सांगितले की जमिनीशी काही घेणेदेणे नाही, हवे तर लिहून देतो. त्याची गरज पडली नाही.

त्या नावाचे गाव तालुक्यात एकच, पण त्याचे बुद्रुक आणि खुर्द असे दोन भाग आहेत. नोंदवहीत दोन्हीपैकी काहीच लिहिलेले नाही. कारकुनाला तो फरक ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बुद्रुकमधल्या एका वाडीत चौघांपैकी दोघांची नावे बापाच्या नावासकट आजही आलटून पालटून नातवांना ठेवली जातात. 'बोटीवर गेलेला' भाऊ होता असे तिथले एक आजोबा म्हणाले, पण ती बोट मॉरिशसची की मुंबईची, हे त्यांना सांगता येईना. कोकणात बोटीवर बरेच जण गेले.

तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, पाहिली. तिथल्या वह्या या माणसाच्या जाण्यानंतरच्या. मागे राहिलेल्या भावांसाठी त्या उपयोगी, त्याच्यासाठी नाहीत. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव आणि आडनावाप्रमाणे असतात. आडनाव ठाऊक नसल्याने ते काम वाडीतल्या घरांचे आडनाव धरून करावे लागेल.

निष्पत्ती

ओसीआयचा अर्ज भाच्याने दरम्यान वेगळा केला, जन्मनोंदींची साखळी आणि आप्रवासी नोंदीचा उतारा जोडून. गावाचा रकाना त्यात लागला नाही.

गावाच्या फाईलवर आता असे लिहिले आहे: जिल्हा रत्नागिरी, पक्का. तालुका अंजनवेल, म्हणजे आजचे चिपळूण-गुहागर, पक्का. गाव, बरेचसे पक्के. वाडी, संभाव्य. घराणे, सिद्ध नाही. वाडीतल्यांनी "तुम्ही आमचेच" म्हणून नारळ दिला, तरी बाईंनी शेवटची ओळ बदलली नाही. तो निर्णय योग्य होता. प्रेमाने दिलेले नाते पुराव्याच्या रकान्यात गेले की पुढची पिढी तेच खरे धरून चालते.

काय वेगळे करता आले असते

पहिली कोकणफेरी टाळता आली असती. 'वसाहत सोडली' हा शेरा वाचून पान मिटण्याऐवजी उंची आणि खूण ताडून पाहायला अर्धा दिवस लागला असता. त्याच दिवशी वरचे-खालचे दहा क्रमांक उतरवून घेतले असते तर चार ओळींतून गावाचे नावही तेव्हाच ऐकू आले असते. जुनी तालुकानावे जिल्हा गॅझेटियरमध्ये छापलेली आहेत. विमानाचे तिकीट काढण्याआधी ती पाहायला हवी होती. दोन उद्देशांच्या दोन फाईली पहिल्या दिवसापासून हव्या होत्या.

फोटोचा शोध राहून गेला. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या आप्रवाशांना फोटो असलेला पास बाळगावा लागे, आणि असे बरेच फोटो मोक्यात जपलेले आहेत. फोटो फक्त १८५३ च्या क्रमांकाखाली मागितला, आणि तिथे काही न मिळाल्याने फोटो नाही असे मानले गेले. तो असेलच तर १८५९ च्या क्रमांकाखाली असेल, आणि त्या क्रमांकाने अजून कोणी मागितलेला नाही.

सोबतच्या तिघांचेही तेच. दोघांच्या शेऱ्यात मॉरिशसमध्येच मृत्यू. तिसऱ्याच्या शेऱ्यात 'वसाहत सोडली' आहे. तो जर त्या वाडीत परतला असेल, तर त्याचे नातू-पणतू तिथे असतील, आणि बोट कोणती हे त्यांच्यापैकी कोणाला तरी ठाऊक असेल. हे पान या वेळी मिटलेले नाही.